उस्ता बसिऊनींची तिसरी शपथ

आमच्या दमियात शहरात शपथ घ्यायला कुणाला मोठं कारण लागत नाही. आलेल्या पाहुण्याला चहासाठी थांबवायचं असलं, तरी माणूस म्हणतो, "तू असाच गेलास तर माझ्या बायकोला तलाक!" पाहुणा हसतो, बसतो, चहा पितो आणि तीच बायको आतून साखर पाठवते. बोलणाऱ्याच्या मनात तसलं काही नसतं आणि ऐकणाराही ते मनावर घेत नाही. माझे दाजी उस्ता बसिऊनी यांची गोष्ट मात्र वेगळी. आपला शब्द ते कुणाला हसण्यावारी नेऊ देत नसत. "मी जे बोलतो तेच माझ्या मनात असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ह्या एका वाक्यापायी माझ्या ताईचं आयुष्य टांगणीला लागलं होतं. मी चीज विकणारा साधा माणूस आहे, सहसा चिडत नाही. पण ह्या गृहस्थांनी मला जेवढा वैताग दिला, तेवढा उन्हाळ्यात नासणाऱ्या दुधानेही दिलेला नाही.

दाजी लाकडावर कोरीवकाम करतात, म्हणून सगळे त्यांना उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणतात. दिवाणखान्यातल्या मोठ्या खुर्च्यांच्या पाठीवर वेल, पानं, गुलाब काढायचे, तेही असे की हात लावून बघावंसं वाटतं. पटाशी धरून त्यांची बोटं वाकडी झाली आहेत. आयुष्यभर भुसा नाकातोंडात गेल्यामुळे छाती घरघरते. वर साखरेचा आजार. आमच्या इमारतीत खाली माझं दुकान, पहिल्या मजल्यावर मी, दुसऱ्यावर ते आणि माझी मोठी बहीण इन्शिराह. ताईला काही हवं असलं की ती वरच्या सज्जातून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते. मी त्यात चीज आणि रोट्या ठेवतो आणि ती वर ओढून घेते. अशी आमची वर्षं गेली.

त्या वर्षांत दाजींचे दोन तलाक खर्ची पडले होते. पहिला मावशीवरून. ताईने आमच्या मावशीच्या घरात पाऊल टाकलं तर तलाक, असं ते कुठल्याशा भांडणात बोलून बसले. मग मावशी वारली. ताई काय, दारातून रडणार होती? ती गेली. दुसरा फुटबॉलवरून. मॅच संपायच्या आत टीव्हीला कुणी हात लावला तर तलाक! टीव्हीतून धूर यायला लागला म्हणून ताईने प्लग काढला. दोन्ही वेळा मशिदीतल्या शेख मुतवल्लींनी विचारलं, "बाबा रे, खरंच सोडायचं होतं का तुला?" दोन्ही वेळा दाजी छाती काढून म्हणाले, "मौलाना, मी जे बोलतो तेच माझ्या मनात असतं." शेखांनी तलाक झाला असं धरलं. दाजींनी त्याच दिवशी ताईला परत घेतलं आणि रात्री दोघं एका ताटात जेवले. पण परत घेणं दोनदाच असतं. तिसरा पडला की सगळं संपलं, हे आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे.

मग ती साथ आली. पहिलं वर्ष कसंबसं निभावलं. पुढच्या वर्षी लस आली, तेव्हा कैरोला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, नर्मीनने, दोघांची नावं मोबाइलवरून नोंदवली, आणि वसंतात दोघांना एकाच सकाळी लस घ्यायला या, असा निरोप आला. ताई खूश झाली. तिने दाजींचा चांगला सदरा इस्त्री करून ठेवला, जणू लग्नाला जायचं आहे.

निरोप आला त्या दिवशी मी दाजींच्या कारखान्यात चीज द्यायला गेलो होतो. म्हणजे जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. चहाची वेळ होती. सोफ्याला कापड चढवणारा शहाता तिथे बसला होता. हा दाजींचा लहानपणापासूनचा दोस्त, जीभ कात्रीसारखी.

"काय उस्ता, लस घेणार म्हणे?" तो म्हणाला. "माझ्या साडूने ऐकलंय, ती टोचली की दोन वर्षांत माणूस आडवा."

"तुझ्या साडूला विचारून मी पाणीसुद्धा पीत नाही," दाजी म्हणाले.

"मग जा की. पण जाताना वहिनींचा हात धरून जा. सुई लागली आणि रडू आलं, तर डोळे पुसायला कुणीतरी हवं!"

सगळे हसले. मीही हसलो. दाजींच्या चेहऱ्याचा रंग बदलला. त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि उभे राहून म्हणाले, "ऐका सगळे. ती सुई माझ्या दंडात गेली, तर माझ्या बायकोला तलाक!"

हसू जागच्या जागी थांबलं. शहाता चहाचा पेला हातात तसाच धरून म्हणाला, "अरे उस्ता, मी थट्टा करत होतो."

"मी करत नव्हतो."

मला त्या क्षणी त्यांच्या डोक्यात चीजचा डबा घालावासा वाटला. तो भरलेला होता म्हणून थांबलो.

मी घरी पोचायच्या आत ताईला बातमी कळली होती. आमच्या गल्लीत बातमीला जिना चढावा लागत नाही, ती सज्जातून सज्जात जाते. ताई स्वयंपाकघरात भेंडीची देठं काढत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "फिकरी, उद्या तू चल माझ्याबरोबर. मी घेणार आहे."

"आणि दाजी?"

"ते शपथ खाऊन पोट भरून आले आहेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आरोग्य केंद्रावर गेलो. ताईने शांतपणे बाही वर केली, सुई घेतली, खुर्चीवर थोडा वेळ बसली आणि घरी येऊन ताप अंगावर काढत स्वयंपाक केला. पुढचा डोसही तिने वेळेवर घेतला. नंतर माझा नंबर आला तेव्हा मीही घेतली. दाजी रोज जेवताना तिच्या दंडाकडे चोरून बघत. ती त्यांच्याशी बोलत होती, पण मोजकंच. मी मात्र बोलत होतो. मी रोज बोलत होतो. छाती घरघरते, साखर आहे, कारखान्यात माणसं येतात-जातात, अहो दाजी, तुम्हाला काही झालं तर? ते म्हणायचे, "शब्द दिलाय." जणू शब्द आरोग्यमंत्र्यांना दिला होता!

उन्हाळा सरत आला तेव्हा शहाता आजारी पडला. आधी साधा खोकला म्हणाला, मग दवाखान्यात गेला, मग तिथून फोन आला. त्याच्या जनाज्याला आम्ही मोजकी माणसं होतो, तीही लांब लांब उभी. ज्याची थट्टा ऐकायला अख्खी गल्ली थांबायची, त्याला असं घाईघाईने नेलं. दाजी रडले नाहीत. कबरीजवळ ते हात पुढे बांधून उभे होते आणि त्यांची छाती मला लांबूनही ऐकू येत होती.

त्यानंतर ते माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. चीजचा तुकडा मोडायचे, खायचे नाहीत. एकदा विचारलं, "तुला सुई लागली तेव्हा कसं वाटलं रे?"

"मुंगी चावल्यासारखं."

"कुठली मुंगी? काळी की लाल?"

"दाजी, तुम्हाला लस घ्यायची आहे का?"

त्यांनी हातातला चीजचा तुकडा चुरला. मग म्हणाले, "घ्यायची आहे. पण घेतली तर इन्शिराह गेली. तिसरा आहे." आणि मग अगदी हळू आवाजात, "फिकरी, मी शपथेत दंड म्हणालो होतो. मांडीत घेतली तर?"

हा माणूस गुलाबाची पाकळी लाकडातून अशी काढतो की दव पडेल असं वाटतं. आणि अक्कल ही! मी त्यांना उचलून त्याच दुपारी मशिदीत न्यायचं ठरवलं. ताईलाही बोलावलं, कारण तिचं आयुष्य तिच्या पाठीमागे ठरवलेलं मला चालणार नव्हतं.

दुपारची नमाज झाल्यावर शेख मुतवल्ली आम्हाला बाजूच्या खोलीत घेऊन बसले. ताई दाराजवळच्या खुर्चीवर बसली, मी दाजींच्या शेजारी. आधी मांडीचं प्रकरण निघालं.

शेख म्हणाले, "बसिऊनी, तू अल्लाहला फसवायला निघालायस का? दंड आणि मांडी यांच्यामधून?"

दाजींनी मान खाली घातली.

"शपथ घेतलीस तेव्हा रागात होतास?"

"नाही, मौलाना."

मी कपाळावर हात मारून घेतला. निदान रागात होतो म्हणायचं होतं, भान सुटलेल्या रागातला तलाक धरत नाहीत!

"बरं," शेख म्हणाले. "मला एकच सांग. त्या वेळी तुझ्या मनात काय होतं? सुई घेतली तर बायकोला खरंच सोडायचं, हे? की सुई घ्यायची नाही, एवढंच? पहिलं असेल तर माझ्या हातात काही नाही. दुसरं असेल तर ती नुसती शपथ झाली. ती मोडल्याबद्दल दहा गरिबांना जेवू घाल, लस घे आणि सुखाने घरी जा."

उत्तर समोर ताटात वाढून ठेवलं होतं. फक्त घास उचलायचा होता. दाजींनी घसा साफ केला. "मौलाना, मी जे बोलतो..."

मी त्यांच्या पायावर जोरात पाय दिला.

"पाय काय देतोस रे?" ते मोठ्याने म्हणाले.

"फिकरी, तुला बाहेर बसायचंय का?" शेखांनी मला विचारलं. मी पाय मागे घेतला. संतापाने माझे कान तापले होते. हा माणूस खोटं बोलायला तयार नाही म्हणून मी चिडलो होतो असं नाही. तो खरं बोलत नाहीये, हे मला दिसत होतं. पण खरं काय, ते मला कळत नव्हतं.

ते ताईला माहीत होतं.

"मौलाना, मी बोलू?" ती म्हणाली.

"बोल बाई."

"ह्यांना विचारा, डॉक्टर कधीपासून साखरेसाठी सुई घ्या म्हणतात, ती का घेत नाहीत. गोळ्या गिळतात, मेथीचं पाणी पितात, पण सुई नको. नर्मीनचे कान टोचले त्या दिवशी हे कुठे होते ते विचारा. नदीवर जाऊन बसले होते. ह्यांना सुईची भीती वाटते. लग्न झालं त्या वर्षापासून मला माहीत आहे. मी कुणाला कळू दिलं नाही. माझ्या भावालाही नाही."

दाजींचे कान लाल झाले होते. ते गालिच्यावरच्या नक्षीकडे बघत राहिले.

मग ताई त्यांच्याकडे वळली. एरवी ती त्यांना 'नर्मीनचे बाबा' म्हणते. त्या दिवशी मी तिच्या तोंडून त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. "बसिऊनी, तू सुईला भ्यालास. मला गमवायला नाही भ्यालास?"

बाहेर कुणीतरी हात-पाय धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"वाटते भीती," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "सुई बघितली की माझे हात गार पडतात. हे हात. शहाता म्हणाला ना, बायकोचा हात धरून जा, आणि सगळे हसले. मला वाटलं, ह्यांना कळलं. आता उद्यापासून सगळा बाजार मला हसणार. मग ते तोंडातून निघून गेलं. मौलाना, अल्लाहची शपथ, सोडायचं मनात नव्हतं. कुणालाच सोडायचं नव्हतं. इन्शिराह त्या वेळी माझ्या मनातच नव्हती."

शेखांनी मोठा श्वास सोडला. "झालं तर मग. तलाक पडलेला नाही. दहा माणसांना जेवू घाल. आणि ऊठ, आजच लस घ्यायला जा, उद्यावर ढकलू नकोस."

मी दाजींना मिठी मारणार होतो, इतका मला आनंद झाला होता. तेवढ्यात ताई उठली.

"ऐकलंत, मौलाना?" ती म्हणाली. "मी मनातच नव्हते. मावशीच्या वेळी मी त्यांच्या भांडणात टांगलेली, टीव्हीच्या वेळी मॅचला टांगलेली, आणि आता सुईला. आणि मनात तर मी नव्हतेच." तिने ओढणी नीट केली. "तुमच्या हिशेबाने मी बायको आहे. मी मान्य करते. पण मी घरी जाणार नाही."

ती थेट माझ्या घरी आली.

दाजींना लस घ्यायला मी घेऊन गेलो. नर्सने सुई काढली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरला. पटाशी धरणारा हात आहे तो. दुसऱ्या दिवशी मला चीज कापता येत नव्हतं. नर्स म्हणाली, दुसऱ्या डोससाठी काही आठवड्यांनी परत यायचं. दाजींनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "दाजी, एक शब्द काढलात तर मी तुम्हाला इथेच सोडून जाईन." त्यांनी तोंड मिटलं.

दहा माणसांचं जेवणही त्यांनाच करावं लागलं. मी ताईला सुचवून बघितलं. ती म्हणाली, "शपथ ज्यांनी घेतली त्यांनीच शिजवावं." दाजींनी पातेलं भरून मसूर आणि भात केला. तळाला लागल्याचा वास जिन्यात तीन दिवस होता. जेवायला आलेल्या हमालांपैकी एकाने मला खाली येऊन विचारलं, उस्ता आमच्यावर रागावले आहेत का?

ह्या सगळ्यात माझे हाल कुणी विचारायचे? ताई माझ्या घरात राहायला आली आणि माझ्या बायकोच्या हाताची चव तिला आवडेना. चीजमध्ये मीठ जास्त, पडदे मळलेले, मुलं उशिरा उठतात. माझी बायको मला स्वयंपाकघरात गाठून म्हणायची, "तुझ्या बहिणीचा तलाक झाला नाही म्हणून मी आनंद मानायचा की रडायचं?" मी ताईला म्हणायचो, आता पुरे झालं, माणूस कबूल झाला ना? ती म्हणायची, "कबूल झाले शेखांसमोर. दार बंद होतं."

आणि वरून टोपली यायची. दुकानासमोर रोज दोरी हलायची आणि टोपलीत कधी शर्टाची तुटलेली बटणं असायची, कधी जळालेलं पातेलं. एकदा त्यांनी लाकडाचा कंगवा कोरून पाठवला, दांड्यावर जाईची फुलं. मी तो ताईला नेऊन दिला. तिने उलटापालटा करून बघितला, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "परत ठेव टोपलीत." मी ठेवला. वर ओढली जाताना टोपली भिंतीला आपटत होती. मला दोघांचाही इतका राग आला की मी दुकानाचं अर्धं शटर ओढून आत बसून राहिलो.

दुसऱ्या डोसचा दिवस मला माहीत होता. मी सकाळी लवकर दुकान आवरून निघायची तयारी केली, कारण दाजी एकटे जाणार नाहीत याची मला खात्री होती. वर जाऊन दार वाजवलं, कुणी उघडेना. शेजारीण म्हणाली, ते मघाशीच गेले. मला वाटलं, पळाले. नदीवर जाऊन बसले असणार. मी चडफडत खाली आलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो. ताई दुकानात येऊन बरण्या पुसत बसली होती. एकच बरणी ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

दुपारी दाजी गल्लीच्या टोकाला दिसले. एकटेच. इस्त्रीचा तोच सदरा अंगात, एक बाही अजून वर केलेली. चेहरा पांढरा पडला होता. ते दुकानासमोर येऊन उभे राहिले. तिथे त्या वेळी शहाताचा मुलगा चीज घेत होता, कारखान्यातले दोघं होते आणि समोरच्या सज्जातून बायका बघत होत्या. दाजींना हे सगळं दिसत होतं.

ताईने बरणी खाली ठेवली. "दुखलं का?"

मला वाटलं, आता म्हणतील, छे, काही नाही. आयुष्यभर तेच म्हणत आले होते.

"दुखलं," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "भीती पण वाटली. खूप. मी म्हटलं, इन्शिराह असती तर हात धरला असता. आज सारखी तीच मनात होती."

शहाताचा मुलगा हसला नाही. कुणीच हसलं नाही.

ताई उठली. आत जाऊन तिने आपली कपड्यांची पिशवी आणली आणि चपला घातल्या. माझ्या बायकोने जिन्यातून डोकं काढून बघितलं आणि लगेच आत घेतलं, बहुधा हसू लपवायला. दाजी पुढे झाले आणि त्यांनी पिशवीसाठी हात पुढे केला.

"तो नको," ताई म्हणाली. "तो दुखतोय ना? दुसऱ्या हातात घ्या."